यंत्राचा कान

इ. स. १९०३ च्या जूनमध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनांत प्रोफेसर फ्लेमिंग यांचें बिनतारी संदेशांवर व्याख्यान होतें. मार्कोनीच्या संदेशाची वाट पाहणाऱ्या यंत्रावर अकस्मात् ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हां उमटूं लागला. मस्केलीन नामक जादूगारानें परक्या लहरी धाडून सिद्ध केलें कीं, यंत्राचा कान आपपर जाणीत नाहीं.

तोच कान इ. स. २०२२ मध्यें लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीस नडला. वायफायचें केंद्र सेकंदास सुमारें दहा वेळां आपल्या नांवाची दवंडी पिटतें. जोडणीपूर्वीं संगणक ती ऐकून घेतो. २०१९ पासून कर्नलांत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांत, या दवंडीच्या एका भागाच्या लांबींत दोन मिळवून बेरीज एका बाइटांत ठेवली जाई. तेथें २५५ हून मोठी संख्या मावत नाहीं; म्हणून २५४ अधिक दोन यांचें उत्तर शून्य येई, आणि राखलेल्या जागेबाहेर २५६ बाइट लिहिले जात. परवलीचा शब्द नको, जोडणी नको. कपटी दवंडी कानीं पडली कीं पुरे!

जर्मनींतील डार्मस्टाटच्या एका संशोधकानें हें उघडकीस आणलें. ऑक्टोबरांत या दोषाची दुरुस्ती झाली ती एवढीच कीं, बेरजेस मोठें घर मिळालें. परंतु त्या काळच्या ज्या यंत्रांपर्यंत ती पोहोंचली नाहीं, त्यांचा कान आजही उघडाच आहे.