परसबागेतील औषधी वनस्पती : घरगुती ज्ञानाची लिखित नोंद

परसदारी तुळस, आले, हळद, पुदिना, कढीपत्ता, अडुळसा लावण्याची पद्धत भारताच्या अनेक भागांत आहे. यांतील काही रोपे स्वयंपाकाला आणि औषधाला सारखीच उपयोगी पडतात. आले वाटणात जाते आणि खोकल्यावर मधाबरोबरही दिले जाते. संस्कृत वैद्यकग्रंथांत अनेक वनस्पतींची वर्णने आहेत. परंतु घराघरांतील वापराची माहिती मुख्यतः तोंडीच पुढे जात राहिली. ही माहिती कागदावर कशी आली आणि तेव्हा कोणाचे नाव नोंदले गेले, हे आपण तीन उदाहरणांतून पाहू.

१. गोवा, १५६३

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते आणि तेथील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. भारतातील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. संवाद मुख्यतः ओर्ता आणि रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा यांच्यात चालतो. अधूनमधून अंतोनिया ही दासी सांगितलेली वनस्पती आणून दाखवते. रोप ओळखून आणणारी व्यक्ती पुस्तकात दिसते, पण ग्रंथाचे श्रेय तिच्याकडे जात नाही.

२. मलबार, १६७८ ते १६९३

मलबारमधील डच कंपनीचा प्रमुख अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तेथील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करवला. ‘होर्टुस मालाबारिकुस’ या नावाने त्याचे १२ खंड अॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. ७०० हून अधिक वनस्पतींची माहिती त्यात आहे. मजकूर लॅटिन असला, तरी चित्रांवर वनस्पतींची नावे मल्याळम, अरबी आणि नागरी लिप्यांतही दिलेली आढळतात.

येथे माहिती देणाऱ्यांची नावे राहिली. इट्टी अच्युतन हे एळवा समाजातील परंपरागत वैद्य होते. त्यांचे १६७५ मधील निवेदन पहिल्या खंडात छापले आहे. त्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचे कोकणी भाषेतील निवेदनही नागरी लिपीत आहे. या निवेदनांमुळेच ग्रंथामागील स्थानिक वैद्य आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

३. हळदीचे पेटंट, १९९५ ते १९९७

जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. जखमेवर हळद लावणे भारतीय घरांत नवे नव्हते. तरीही सर्वांना ठाऊक असणे एवढा आधार पुरेसा नव्हता; छापील पुरावा लागत होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ मधील एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख यांसह ३२ संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह तयार करण्याचे काम भारतात सुरू झाले.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. हा निर्णय हळदीचा वापर नवीन आहे का, या प्रश्नावर झाला. हळदीने जखम किती बरी होते, हा वेगळा प्रश्न आहे. एखादा उपाय जुना असल्याची नोंद सापडली, म्हणजे तो गुणकारी असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी वैद्यकीय चाचणी लागते.

निष्कर्ष

तिन्ही उदाहरणांत ज्ञान आधीपासून होते. प्रश्न नोंदीचा होता. अंतोनियाचे ज्ञान नोंदले गेले नाही, अच्युतन यांचे नावासह नोंदले गेले, आणि हळदीच्या बाबतीत जुन्या नोंदींनीच दावा खोडून काढला. म्हणून परसबाग हे इतिहासाचेही साधन आहे. मात्र सांगणारी व्यक्ती गेली की हे साधनही जाते.

स्वाध्याय

आपल्या घरच्या किंवा शेजारच्या बागेतील पाच वनस्पती निवडा. प्रत्येकीचे स्थानिक नाव, वापरला जाणारा भाग, स्वयंपाकातील व औषधातील उपयोग आणि नोंदीची तारीख लिहा. माहिती कोणी सांगितली, ते त्यांच्या संमतीने अवश्य नोंदवा.