गोठूनही उरलेलं वाण

घराचा हप्ता पुण्यात, नोकरी आइंडहोवनमध्ये; त्यामुळे दुकानात माझी नजर खालच्याच फळीवर. तिथे मुस्कादे सापडली. ड्राय, हलकी, किंचित खारट. आता तीच आवडती.

हिच्यामागे डच व्यापारी आहेत. १७ व्या शतकात त्यांना फ्रान्समधल्या नाँतकडून स्वस्त व्हाइट वाइन हवी होती, तीही प्यायला नाही, ब्रँडी गाळायला! १७०९ च्या भीषण हिवाळ्यात तिथल्या द्राक्षबागा गोठून मेल्या. पुन्हा लागवड करताना थंडी सोसणारं ‘मेलाँ द बुर्गोन्य’ हे वाण पसरलं. चवीला बेताचंच, म्हणून वाइन यीस्टच्या गाळावर मुरवतात.

बाबांच्या लेखी दारू ती दारू. पुढच्या महिन्यात ते इकडे येतायत. बाटली फ्रिजच्या दारातच ठेवणार आहे.