परत-माल विवाद, दूरविक्रयातील
माल प्रत्यक्ष न पाहता मागविल्यानंतर तो विक्रेत्याकडे परत पाठविताना दोष, अदलाबदल वा किंमतपरती यांबाबत उद्‌भवणारा वाद. इलेक्ट्रॉनीय उपकरणांत तो विशेष गुंतागुंतीचा ठरतो. कारण दोष मुळातला की वापरातला, तसेच परत आलेले उपकरण मूळचेच की बदललेले, हे केवळ बाह्य पाहणीने ठरत नाही. अशा वेळी उपकरणाचा अनुक्रमांक व वेष्टन उघडतानाचे चित्रण यांना पुरावा म्हणून महत्त्व येते.

आधी न तपासलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानू नये, हे तत्त्व भारतात मालविक्री अधिनियम, १९३० यात आढळते. यूरोपीय संघाने १९९७ च्या निदेशाने दूरविक्रयात कारण न देता करार रद्द करण्यास किमान ७ कामाचे दिवस दिले. २०११ च्या निदेशाने ही मुदत १४ दिवस केली. मात्र जरुरीपेक्षा अधिक वापरामुळे मालाचे मूल्य घटल्यास त्याची जबाबदारी ग्राहकावर ठेवली.

असा सर्वसाधारण हक्क भारतात नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ याने त्रिस्तरीय न्याययंत्रणा निर्माण केली. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकास स्वतःच्या निवासस्थानीही तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. त्यामुळे दूरच्या विक्रेत्याविरुद्ध दाद मागणे सुकर झाले. २०२० च्या नियमांनुसार सदोष वा जाहिरातीशी विसंगत माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. तथापि दोष सिद्ध करण्याचा भार बहुधा ग्राहकावरच पडतो. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीची तरतूद अधिनियमात आहे.