न्यायाधीश जॉन पिकरिंग

सरकारी नोकरीत विसेक वर्षे काढलेल्या माणसाला एक प्रश्न ओळखीचा असतो. खुर्चीवरचा साहेब कामाचा राहिलेला नाही हे सगळ्यांना दिसते, पण त्याला उठवायचे कुठल्या नियमाखाली?

अमेरिकेला हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच पडला. जॉन पिकरिंग हा न्यू हॅम्पशरचा. १७६१ चा हार्वर्डचा पदवीधर, पोर्ट्समथचा नामवंत वकील. राज्याची घटना घडवण्यात त्याचा हात होता. पुढे तो राज्याचा सरन्यायाधीश झाला आणि १७९५ साली वॉशिंग्टनने त्याला संघराज्याचा जिल्हा न्यायाधीश नेमले. म्हणजे माणूस काही ऐरागैरा नव्हता.

पण नंतर त्याचे डोके बिघडत गेले, त्यात दारूची भर. १८०१ च्या कायद्याने आजारी न्यायाधीशाचे काम दुसऱ्याकडे देण्याची सोय केली होती, तीनुसार बदली न्यायाधीश आलाही. पण तो कायदा विरोधी पक्षाने केलेला! जेफर्सनच्या पक्षाने १८०२ मध्ये तो रद्द केला आणि पिकरिंग पुन्हा खुर्चीत. त्याच वर्षी ‘एलायझा’ जहाजाचा खटला आला. जकात अधिकाऱ्यांनी ते जप्त केले होते. पिकरिंग पिऊन कोर्टात आला, सरकारी साक्षीदार ऐकून घेतले नाहीत आणि जहाज मालकाला देऊन टाकले.

आता याला काढायचे कसे? न्यायाधीशाची नेमणूक सद्वर्तन असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तहहयात. सक्तीची निवृत्ती नाही, पेन्शन नाही. राजीनामा द्यावा तर त्याला भान नाही. उरला एकच मार्ग, महाभियोग. पण तो मोठ्या गुन्ह्यांसाठी आणि गैरवर्तनासाठी. वेडा माणूस गुन्हा करतो असे म्हणायचे तरी कसे?

मार्च १८०३ मध्ये प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवले. पिकरिंग स्वतः सिनेटपुढे आलाच नाही. त्याच्या मुलाने अर्ज केला की वडील वेडे आहेत, त्यांना दोषी धरू नका. सिनेटने हा पुरावा ऐकायचे ठरवले, तेव्हा आरोप चालवणारे प्रतिनिधी उठून गेले. मला वाटते, या मुलाची अवस्था सर्वांत वाईट. बापाची अब्रू वाचवायला बापाचे वेड चव्हाट्यावर मांडायचे!

१२ मार्च १८०४ ला मतदान झाले. ‘मोठे गुन्हे’ हे शब्द प्रश्नातून शिताफीने गाळले होते. फक्त ‘आरोपात म्हटल्याप्रमाणे दोषी आहे का’ एवढेच विचारले. १९ विरुद्ध ७ मतांनी दोषी, २० विरुद्ध ६ मतांनी बडतर्फ. काही सदस्य मतदानाला थांबलेच नाहीत. महाभियोगाने पद गेलेला अमेरिकन संघराज्याचा हा पहिला अधिकारी.

आपल्या घटनाकारांनी न्यायाधीशाला हटवण्याच्या कलमात गैरवर्तनाच्या जोडीला ‘असमर्थता’ हाही शब्द घातला आहे.

पिकरिंगच्या जागी जॉन शेरबर्न आला. तो तिथलाच सरकारी वकील, शिवाय महाभियोगात पिकरिंगविरुद्ध साक्ष दिलेला. पिकरिंग ११ एप्रिल १८०५ ला पोर्ट्समथमध्ये वारला.