कागदावर पाडलेली राजधानी

नोकरीभर जमीन मोजली असल्यामुळे कुठल्याही गावी गेलो की मी आधी नकाशा मागतो. अमेरिकेत लेकीकडे मॅडिसनला गेलो तेव्हाही तेच झालं. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. एका अंगाला मेंडोटा, दुसऱ्या अंगाला मोनोना, मधली जमीन जेमतेम मैलभर, आणि राजधानी ठरली तेव्हा पूर्वेकडे तर दलदलच होती. राजधानीला ही जागा कुणी मोजणीदार सुचवेल असं मला वाटत नाही. ती सुचवली जेम्स डोटी नावाच्या जमिनीच्या व्यापाऱ्यानं. गडी आधी न्यायाधीश होता, म्हणजे कायद्याच्या वाटाही त्याला ठाऊक होत्या.

सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर असताना डोटीनं भागीदारीत इथे हजारावर एकर घेऊन ठेवले होते. 1836 साली विस्कॉन्सिन टेरिटरी, म्हणजे राज्य होण्याआधीचा प्रांत, झाली. पहिलं विधिमंडळ बेलमाँट या खेड्यात भरलं आणि राजधानी कुठे करायची यावरून ओढाताण सुरू झाली. डोटी तिथे नकाशा घेऊन हजर. थंडीनं काकडणाऱ्या सभासदांना त्यानं बायसनच्या कातड्याची पांघरुणं पुरवली, आणि कित्येकांच्या नावावर प्लॉटही झाले. नोव्हेंबरात मतदान त्याच्या बाजूनं गेलं. माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन त्याच जूनमध्ये वारले होते. त्यांचं नाव गावाला दिलं, आणि रस्त्यांना अमेरिकेच्या घटनेवर सह्या करणाऱ्यांची. इतकं सगळं ठरलं तेव्हा जागेवर या गावाचं एकही घर नव्हतं! पुढच्या वर्षी पेक नावाचं जोडपं आलं आणि त्यांनी लाकडी ओंडक्यांच्या घरात कॅपिटल, म्हणजे विधिमंडळाची इमारत, बांधणाऱ्या मजुरांची खानावळ चालवली. 1840 च्या खानेसुमारीत वस्ती भरली 146.

माझा जीव मात्र अडकला तो हद्दीत. अमेरिकन सरकारनं हा मुलूख सहा-सहा मैलांच्या चौकोनांत मोजला. प्रत्येक चौकोनात 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा. मॅडिसनच्या चौकोनातल्या 13, 14, 23 आणि 24 या सेक्शनांचे कोपरे जिथे भिडतात, तो बिंदू धरून डोटीनं कॅपिटलचा चौक आखला. आपल्याकडे बांध आधी पडतो, नदी-ओढा बघून वळतो, आणि मोजणी मागाहून येते. तिथे रेषा आधी, माणसं मागून. आजची इमारत 1917 साली पुरी झाली. ग्रॅनाइटचा घुमट, उंची 284 फूट, चार भुजा चार दिशांना. काम देखणं आहे, यात वाद नाही.

पण जमीन रिकामी नव्हती. इथले मूळचे हो-चंक लोक या मुलखाला देजोप म्हणतात, म्हणजे चार तळी. 1832 मध्ये ब्लॅक हॉक या मूलनिवासी म्होरक्याविरुद्धच्या लढाईत अमेरिकन फौज याच पट्टीवरून गेली, आणि त्याच सप्टेंबरात हो-चंकांकडून हा प्रदेश तहानं लिहून घेतला. डोटीची खरेदी त्यानंतरची. पुढे सरकारनं त्यांना वारंवार मिसिसिपीपलीकडे हाकललं, आणि त्यांतले पुष्कळ दर वेळी परत आले.

त्यांच्या पूर्वजांनी हजारएक वर्षांपूर्वी तळ्यांकाठी मातीचे उंचवटे रचले होते, पक्ष्यांच्या, अस्वलांच्या, जलचर देवतांच्या आकाराचे. मेंडोटाच्या उत्तर काठावरच्या एका पक्ष्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत 624 फूट भरतात. साखळीनं मोजायला मला आवडलं असतं. यांतले बरेच नांगराखाली आणि इमारतींच्या पायाखाली गेले. उरलेले कुठे आहेत ते नकाशावर बघितलं, तर जिथे प्लॉट पडले नाहीत तिथे: सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, विद्यापीठाच्या टेकडीवर, बागेत आणि फॉरेस्ट हिल दफनभूमीत. त्या दफनभूमीतल्या रानहंसाला डोकं नाही, एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा रूळ टाकताना ते छाटलं गेलं.