दगडाखालचा कोळी आणि त्याचं नाव

भिवंडीच्या आसपासच्या माळावर एखादा दगड उलटा, खाली रेशमी पिशवीत दबून बसलेला करडा कोळी सापडू शकतो. हा जाळं विणून वाट पाहत बसत नाही, रात्री जमिनीवर धावून शिकार करतो. कुळाचं नाव ग्नाफोसिडी.

आता ही जात ‘नवी’ आहे, असं म्हणायचं कशावरून? रंगावरून नाही; मद्यार्कात रंग फिकट पडतो. पाहायचे ते नराचे स्पर्शपाद आणि मादीचं जननांग, सूक्ष्मदर्शकाखाली. पिल्लू हाती लागलं तर जाणकारही हात टेकतो. मग जुन्या प्रत्येक वर्णनाशी ताडून पाहायचं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या बी. के. टिकादर यांनी हे काम केलं. 1973 साली त्यांनी एका जातीला ग्नाफोसा पूनाएन्सिस म्हटलं, नावातच पुणं. 1982 साली भारतातल्या या कुळावर ग्रंथ दिला.

आम्ही तत्त्वज्ञानवाले व्याख्येमागे धावणारे. इथे मात्र नाव व्याख्येला नव्हे, बाटलीतल्या एका नमुन्याला बांधलेलं असतं! वर्णन चुकलं तर नमुना पाहून सुधारता येतं. नमुनाच हरवला तर शक्यतो मूळ जागेजवळून दुसरा शोधावा लागतो, म्हणजे पुन्हा दगड उलटणं आलं. काल्हेर, पूर्णा भागात मोकळ्या जमिनींवर आज गोदामांची फरशी आहे. तिथला कोळी कुणी जपून ठेवलाच असेल, तर बाटलीतल्या चिठ्ठीवर गावाचं नाव आणि तारीख तेवढी राहील.