स्नायू आणि सांध्यांची सोनोग्राफी म्हणजे काय? ती कशी काम करते?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटाची तपासणी किंवा गरोदरपण आठवतं. पण मित्रांनो, जिममध्ये खांदा दुखावला, टाच दुखतेय किंवा सतत फोन वापरून अंगठ्याच्या मुळाशी कळ येतेय, अशा वेळीही डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतात. तिचं नाव मस्क्युलोस्केलेटल अल्ट्रासाउंड.

एक्स-रे नॉर्मल आला, पण दुखणं तसंच आहे, असं अनेकांच्या बाबतीत होतं. एक्स-रेमध्ये मुख्यतः हाडं दिसतात. स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) त्यात नीट दिसत नाहीत. इथे सोनोग्राफी कामाला येते.

तंत्रज्ञान कसं काम करतं?

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड. डॉक्टरांच्या हातातल्या प्रोबमध्ये पिझोइलेक्ट्रिक पदार्थ असतो. वीज दिली की तो थरथरतो, आणि त्यावर दाब आला की वीज तयार करतो. हा गुणधर्म १८८० मध्ये जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. म्हणजे एकच प्रोब स्पीकरही असतो आणि माईकही.

प्रोब आवाज सोडतो, तो आतल्या थरांवर आपटून परत येतो. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला जातो. त्यामुळे ३ सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी यायला सुमारे ३९ मायक्रोसेकंद लागतात. या वेळेवरून मशीन खोली काढतं, प्रतिध्वनीच्या जोरावरून ठिपका किती उजळ दाखवायचा ते ठरवतं, आणि स्क्रीनवर लाइव्ह चित्र दिसतं.

हेच तत्त्व काही फोनमध्येही आहे. २०१९ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस१० मध्ये स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर अल्ट्रासोनिक होता.

पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ वापरतात, कारण खोलवर पोहोचायचं असतं. सांध्यांसाठी ७ ते १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. फ्रिक्वेन्सी वाढली की बारकावे जास्त दिसतात, पण खोली कमी मिळते. मनगटाला हे चालतं, मांडीच्या खोल भागात अडचण येते.

स्क्रीनवर काय दिसतं?

- हाड: पांढरी ठळक रेघ आणि तिच्या खाली काळी सावली
- स्नायू: गडद भाग, मधे बारीक पांढऱ्या रेषा
- टेंडन: केसांच्या जुडीसारख्या उजळ, समांतर रेषा
- पाणी किंवा सूज: काळा भाग
- रक्तप्रवाह: डॉप्लर मोड लावला की रंगात, टेंडन किंवा सांध्याच्या अस्तरात वाढलेला रंग दाह दाखवू शकतो

एमआरआय असताना ही कशाला?

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हालचाल करताना बघता येतं. "हात वर करा, आता बाहेर फिरवा" असं डॉक्टर सांगतात आणि टेंडन कुठे अडकतं किंवा जागेवरून सरकतं ते तिथेच दिसतं. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सांध्याशी लगेच तुलना होते. इंजेक्शन द्यायचं असेल तर सुई नेमकी कुठे जातेय हेही दिसतं. यात एक्स-रेसारखं रेडिएशन नाही, आणि खर्च सहसा एमआरआयपेक्षा कमी असतो.

पायाच्या पोटरीला आलेली सूज हे चांगलं उदाहरण. ती गुडघ्यामागच्या पाण्याच्या गाठीमुळे आहे की शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळे, हे वरून ओळखणं कठीण. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. हा फरक अल्ट्रासाउंडने दाखवता येतो, हे १९७२ मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

मर्यादा काय आहेत?

आवाज हाडापलीकडे जात नाही. त्यामुळे हाडाच्या आतली सूज, गुडघ्यातला एसीएल किंवा मेनिस्कस खोलवर फाटलंय का, यासाठी एमआरआयच लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रोब टेंडनवर सरळ न धरता थोडा तिरका झाला, तर धडधाकट टेंडनही काळं दिसतं आणि फाटल्यासारखं वाटतं. याला ॲनआयसोट्रॉपी म्हणतात. अनुभवी डॉक्टर प्रोबचा कोन बदलून खात्री करतात. म्हणून मशीन किती महाग आहे यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे हे आधी बघा. या प्रकारच्या तपासणीचा नियमित अनुभव आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

रिपोर्टमधले शब्द

- टेंडिनोसिस: झिजलेलं, जाड झालेलं टेंडन
- पार्शल टेअर: अर्धवट फाटलेलं
- फुल थिकनेस टेअर: एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार फाटलेलं
- इफ्यूजन: सांध्यात साठलेलं पाणी
- हायपोएकोइक: आजूबाजूपेक्षा गडद दिसणारा भाग

रिपोर्टमध्ये "टेअर" वाचून घाबरू नका. अजिबात न दुखणाऱ्या खांद्यातही, विशेषतः वय वाढल्यावर, असे बदल सापडतात. रिपोर्ट आणि तुमची लक्षणं जुळतात का, हे तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*उपाशी जावं लागतं का?*
नाही. पाणी पिऊन लघवी रोखायचीही गरज नाही. सांधा सहज उघडा करता येईल असे सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट सोबत न्या.

*फोनला जोडायचा प्रोब मी घेऊ शकतो का?*
असे प्रोब आहेत. बटरफ्लाय आयक्यू या प्रोबला अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. पण भारतात गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला अल्ट्रासाउंड मशीन विकता येत नाही, मग ते खिशात मावणारं का असेना. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच असा राज्य कायदा केला होता. त्यामुळे ऑनलाइन दिसलं म्हणून ऑर्डर करू नका.

*लगेच डॉक्टरकडे कधी जायचं?*
सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, पोटरी अचानक सुजली, किंवा "फट्" असा आवाज होऊन पायावर भार देता येईना, तर सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. आधी डॉक्टर गाठा, कोणती तपासणी करायची ते तेच सांगतील.